कपाटाला ऊन दाखवताना

मंगळवारी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी त्याच्या घरात ऊन आलं. आता घरात ऊन येण्यात एवढं काय, असं कोणीही म्हणेल. पण त्या घरात बारा वर्षांत ऊन असं आलंच नव्हतं. घराचं तोंड उत्तरेला, समोर सहा मजली इमारत, मागे तसलीच दुसरी, आणि मधल्या बोळात वर्षाचे आठ महिने ओल. घर दाखवताना दलाल म्हणाला होता, "गारवा आहे बघा, साहेब," आणि ह्यानेही लगेच बायकोकडे वळून म्हटलं होतं, "बघ, गारवा आहे." तर त्या गारव्याच्या घरात, बाहेरच्या खोलीत तो फरशीवर मांडी ठोकून बसला होता, बादलीतल्या व्हिनेगरच्या पाण्यात फडकं पिळत होता, बोटांना सुरकुत्या पडल्या होत्या, आणि एकदम समोरच्या भिंतीवर पिवळी पट्टी उमटली. आधी त्याला वाटलं, दिवा राहिला चालू. मग वाटलं, डोळ्यांचं काहीतरी झालं. चष्म्याच्या दुकानात अठरा वर्षं काढलेल्या माणसाला डोळ्यांची शंका आधी येते. तो उठला आणि पट्टीत हात धरला. हात गरम झाला. अरेच्चा, म्हणत तो गॅलरीत धावला, तर समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर कामगार दोरीला लोंबकळत नव्या काचा बसवत होते, आणि ह्याच्या इमारतीच्या डोक्यावरून पलीकडे पडणारं ऊन त्या काचांवर आपटून सरळ ह्याच्या घरात परत येत होतं. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत तो बघत राहिला. आत आला तेव्हा पट्टी थोडी डावीकडे सरकली होती. त्याने घड्याळाकडे नजर ठेवली. पट्टी कॅलेंडरवर चढली, बारीक झाली, सुतळीएवढी राहिली आणि गेली. बारा मिनिटं. त्याला इतकं हसू फुटलं की हातातलं फडकं गुडघ्यावर पडून पँट भिजली. हे आत्ताच्या आत्ता कोणाला तरी सांगायला हवं म्हणून त्याने आतल्या खोलीकडे तोंड वळवलं, हाक मारायला श्वासही घेतला, आणि मग त्याला आठवलं, की घरात कोणी नाही.

तीन आठवडे होत आले होते. मुलीचा दमा दोन वर्षांपासूनचा. पण ह्या वेळी तिला सलग चार वाक्यं बोलवेनात. डॉक्टरीणबाई घरी आल्या, मुलीची छाती ऐकली, मग कोणी न सांगता आतल्या खोलीतल्या कपाटाचं दार उघडलं आणि तितक्याच झटकन लावलं. म्हणाल्या, "औषधं मी देते, पण आधी ही बुरशी बघा." त्यावर तो म्हणाला होता, "ते कपाट माझ्या आईचं आहे." जणू एवढं सांगितल्यावर बुरशीनेही लाजून निघून जावं. डॉक्टरीणबाई गेल्यावर जे व्हायचं ते झालं. बायको म्हणाली, कपाट काढ. तो म्हणाला, तुझ्या नाकावर माशी बसत नाही. ती म्हणाली, माशी बसली तर बरं, माशीला निदान वास तरी येतो. मग बोलता बोलता ती थांबली. बारा वर्षं जे तोंडापर्यंत आणून गिळत आली होती ते तिने अगदी हळू आवाजात सांगितलं, आणि हळू सांगितलं म्हणूनच ते त्याच्या जिव्हारी लागलं. "वास कपाटाला येत नाहीये. तुला येतो." दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन ती तिच्या ताईकडे गेली, शहराच्या दुसऱ्या टोकाला, तिसऱ्या मजल्यावर, जिथे म्हणे सकाळी आठपासून ऊन. जाताना भांडण नव्हतं. तारीख मात्र पक्की होती. "तीन आठवड्यांनी, गुरुवारी चार वाजता मी येईन आणि वास घेईन. नसला तर आम्ही परत. असला तर शुक्रवारी हिचं नाव तिकडच्या शाळेत घालते. मग वर्षभर हलवता येणार नाही, आताच सांगते."

आता पोरगी वर्षभर लांब राहणार ह्या विचाराने कोणाच्याही तोंडचं पाणी पळेल, तसं त्याचंही पळालं. पण खरं सांगायचं तर त्या तीन आठवड्यांत त्याला त्याहून जास्त कुरतडलं ते तिच्या त्या वाक्याने. माणसाला अमुक एक वास येतो हे त्याला चाळिसाव्या वर्षी कळावं आणि बाकी सगळ्यांना आधीच ठाऊक असावं, ह्याचा अर्थ काय? दुकानात त्याचं काम लोकांच्या तोंडाजवळचं. चौकट नाकावर बसते की नाही बघायची, कानामागे बोटं घालून दांडी वाकवायची, वीतभर अंतरावरून डोळ्यांत डोळे घालून विचारायचं, "टोचतंय का कुठे?" गिऱ्हाईक मान मागे घ्यायचं. त्याला वाटायचं, लोक लाजतात. एक म्हातारे गृहस्थ तर दर वेळी श्वास रोखून बसायचे आणि दांडी नीट झाल्यावर हुश्श करायचे. त्याला वाटायचं, टोचण्याची भीती. मालकाने त्याला दाराजवळचं काउंटर दिलं होतं, "तुला हवा लागते ना रे," म्हणून. त्याने कधीच हवा मागितली नव्हती. मालक किती मायाळू, असं तो घरी येऊन सांगायचा आणि बायको पोळी उलटत नुसती हं म्हणायची. त्या 'हं'चा अर्थ त्याला आता कळला. मग तो मागे मागे गेला. कॉलेजच्या बसमध्ये त्याच्या शेजारची जागा शेवटी भरायची. शाळेत पहिल्या आठवड्यात बाकावर तीन मुलं असायची, दुसऱ्या आठवड्यात तो एकटा. त्यावरून त्याने आपण अबोल आहोत, आपल्याला मित्र जमत नाहीत, आपला स्वभावच तसला, असं स्वतःबद्दल ठरवून टाकलं होतं, आणि पुढची तीस वर्षं त्या ठरवलेल्या स्वभावाला धरून तो वागलाही होता. म्हणजे स्वभाव होता की शर्ट होता? तो रोज बाही नाकाशी धरून हुंगायचा. काही नाही. साबण कळायचा, कांदा कळायचा, रस्त्यावरचं डांबर कळायचं. नाक शाबूत होतं. तेवढा एकच वास त्याला येत नव्हता, कारण जन्मल्यापासून तो वास नसलेला क्षण त्याने अनुभवलाच नव्हता.

आई टेलिफोनच्या कचेरीत कामाला होती. दोघंच राहायचे, तळमजल्यावर, दीड खोलीत, आणि ते शिसवी कपाट अर्धी खोली अडवून बाहेरच्या भिंतीला पाठ लावून उभं असायचं. आईचा कपड्यांवर फार जीव. गरिबी दिसली तरी चालेल, चुणी दिसता कामा नये, हा तिचा खाक्या. त्याच्या शाळेच्या सदऱ्यांनाही ती खळ करायची, कडक, मोडली तर आवाज येईल अशी, आणि इस्त्री झाली की ऊनऊन घडी तशीच कपाटात. मग दार लावायचं ते दोन्ही हातांनी, गुडघा टेकवून. "घट्ट लाव रे, दमट हवा आत जाईल." दमट हवा आतच कोंडलेली आहे हे त्या माउलीला कोण सांगणार? आणि सकाळी कामावर निघताना, पायात चपला सरकवता सरकवता, रोजचं एक वाक्य. "कपड्यांना ऊन दाखव." तेव्हा तो आठ वर्षांचा. ऊन दाखवायचं म्हणजे कपडे बाहेर नेऊन वाळत घालायचे, हे त्याला कोणी फोड करून सांगितलं नव्हतं, आणि त्यांच्या दारात कपडे टाकावेत असं ऊन यायचंही नाही. बोळाच्या तोंडाशी तेवढं एक ताटाएवढं पडायचं. त्याने डोकं चालवलं. आईचा हातआरसा घेतला, बोळाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, आणि ऊन आरशात पकडून खिडकीतून सरळ कपाटात सोडलं. कवडसा सदऱ्यांवर फिरला, आईच्या साड्यांवर फिरला, खालच्या कप्प्यातल्या रजईवर थांबला. ओळीने सगळ्यांना ऊन दाखवून झालं, तेव्हा दार लावून तो अभ्यासाला बसला. चार दिवसांनी आईने लवकर घरी येऊन हे पाहिलं. ती दारातच बसली आणि हसली, पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. नंतर जो भेटेल त्याला सांगायची, "आमचा ऊनवाला." चूक मात्र तिने दुरुस्त केली नाही. रोज सकाळी तेच वाक्य, रोज दुपारी तोच आरसा. सदऱ्यांच्या कॉलरखाली करडे ठिपके येतच राहिले, ती ओल्या फडक्याने पुसतच राहिली, आणि तो आयुष्यात पुन्हा कधी झाला नसेल इतका खूश होता.

मंगळवारी संध्याकाळी हे सगळं त्याच्या डोक्यात एकदम गोळा झालं आणि त्याला घरात बसवेना. तो जिना उतरला, रस्त्याच्या टोकापर्यंत गेला, परत आला. गुरुवारी चार वाजता ती येणार. चार वीसला ऊन येणार. हे कोणी ठरवून केलं असतं तरी इतकं नेमकं जमलं नसतं. वास जावा म्हणून जे करायचं ते त्याने एव्हाना केलंच होतं, उगाच त्याला वेडा समजू नका. पहिल्या आठवड्यात त्याने आणि वॉचमनने मिळून कपाट भिंतीपासून हातभर पुढे ओढलं होतं. मागची भिंत दिसली तेव्हा वॉचमन दोन पावलं मागे सरला आणि हा मात्र वाकून बघतच राहिला. काळ्या, हिरव्या, मधेच गुलाबी वर्तुळांनी भिंत भरली होती. बारा वर्षं त्याच्या उशापासून चार फुटांवर हे एवढं सगळं वाढत होतं, आपापल्या कडा सांभाळत. त्याला शिसारी यायला हवी होती. भिंगाखाली काच तपासताना दिसतं तसं काहीतरी त्याला त्यात दिसलं, आणि भिंत खरवडायला घेण्याआधी तो पाच मिनिटं नुसता उभा राहिला. मग खरवडली, धुतली, पंखा लावून वाळवली, चुना दिला. सुताराकडून कपाटाच्या पाठीला ओळीने भोकं पाडून घेतली. पहिलं भोक पडताना त्याने दुसरीकडे तोंड वळवलं. सुतार म्हणाला, "साहेब, कपाटाला पण नाक लागतं," आणि ते त्याला इतकं पटलं की त्याने आणखी चार भोकं पाडायला लावली. कपडे एकेक करून काढले. बुरशी कुठे धरते ते बघत गेला. जिथे खळ तिथे भरपूर, बायकोच्या साध्या कुर्त्यांवर जवळजवळ नाही, मुलीच्या लोकरी टोपीवर फक्त हनुवटीच्या बंदाशी, जिथे दूध सांडायचं. म्हणजे आई खळ करून करून त्या बुरशीला रोज जेवू घालत होती, आणि आई गेल्यावर ते व्रत त्याने पुढे चालवलं. गरम पाण्यात, सोड्यात, पुन्हा व्हिनेगरमध्ये, तीन तीनदा. खळीचा डबा त्याने उचलला, बेसिनमध्ये रिकामा केला, आणि पाण्यात ती पांढरी होऊन जाताना त्याला आईचा राग आला. आयुष्यात पहिल्यांदा आला, आणि येऊन बराच वेळ थांबला.

बुधवारी त्याने मालकाकडून तीन हातआरसे मागून घेतले, गिऱ्हाइकांना तोंड बघायला देतात ते. मालकाने विचारलं, "लग्नबिग्न आहे का घरात?" तो म्हणाला, "कपाटाला ऊन दाखवायचंय." मालकांनी फडकं उचललं. मग काचेवरची नसलेली धूळ पुसत म्हणाले, "बरं केलंस." त्या दोन शब्दांत अठरा वर्षं होती. ह्याला ते कळलं, कान तापले, पण लाज वाटण्यापेक्षा आरसे घेऊन घरी पोचायची घाई जास्त होती. घरी येऊन त्याने आखणी केली. पट्टी पडते ती भिंत बाहेरच्या खोलीत. कपाट आतल्या खोलीत. मधे वळणाचा पॅसेज. म्हणजे एक आरसा भिंतीवर, एक पॅसेजच्या कोपऱ्यात खुर्चीच्या पाठीला, तिसरा आतल्या दाराच्या चौकटीला. काच कशी वळवली की किरण कुठे जातो हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. चार एकोणीसला पट्टी आली, आणि खुर्ची अर्धा इंच सरकवता सरकवता नऊ मिनिटं गेली, पण दहाव्या मिनिटाला आतल्या खोलीत, आईच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यावर ऊन पडलं. तो "आई गं" म्हणाला. घरात कोणी नव्हतं हे बरं, नाहीतर काय झालं म्हणून धावत आलं असतं.

गुरुवारी तीनपासून आभाळ. त्याने अंघोळ केली, पुन्हा केली. ढग बघायला सतरा वेळा गॅलरीत गेला. मग त्याने ठेवणीतला शर्ट काढला. हा शर्ट आकाशी, बारीक पट्ट्यांचा, तिला आवडणारा. पहिल्याच दिवशी त्याने तो बाजूला काढला होता, घाण वास लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घालून, हवा दाबून, गाठ मारून माळ्यावर ठेवला होता. आता गाठ सोडली, शर्ट अंगात घातला, बटणं लावली, आरशात पाहिलं. आरशांना तोटा नव्हता. चार वाजून पाच मिनिटांनी बेल वाजली. मुलगी आधी घुसली. तीन आठवड्यांत उंच झाल्यासारखी, आणि मुख्य म्हणजे एका दमात बोलत होती. "बाबा मावशीकडे लिफ्टला आरसा आहे आणि हे आरसे कशाला लावलेत आणि हा मोडलाय का?" तो मोजत होता. एवढं लांब वाक्य, आणि मधे एकदाही छाती भरून आली नाही. बायको दारात उभी राहिली. हातात पर्स, बाकी काही नाही. ते त्याने पाहिलं. राहायचं ठरवून आलेलं माणूस बॅगा घेऊन येतं.

"बस ना," तो म्हणाला.

"आधी काम," ती म्हणाली.

ती आत गेली. तो पॅसेजमध्ये खुर्चीला धरून उभा राहिला, कारण आत जायची हिंमत नव्हती. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. त्याच्या डोळ्यांपुढे शाळेचा तो बाक आला, रिकाम्या दोन जागा, त्यावर ब्लेडने कोरलेली नावं. तिकडे मुलीचा नवा बाक असेल, आणि तिच्या शेजारी कोण बसेल हे त्याला वर्षभर फोनवरून कळेल. तिने खणन्खण हुंगला असावा, कारण खण सरकत होते. मग तिचा आवाज आला, कपाटातूनच, घुमल्यासारखा.

"पाठीला भोकं कोणी पाडली?"

"मी. म्हणजे सुताराने."

"आईंच्या कपाटाला?"

"हो."

पुन्हा एक खण सरकला. मग ती बाहेर आली आणि तिचे डोळे त्याला वेगळे दिसले. "नाहीये," ती म्हणाली. "लाकडाचा येतोय नुसता. मला माहीतच नव्हतं ते लाकूड असं आहे." त्याचा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता, एवढ्यात ती दोन पावलं पुढे आली, थांबली, नाकपुड्या किंचित फुगल्या, आणि तिने त्याच्या कॉलरपाशी नाक आणलं. बारा वर्षांच्या संसारात ती आपणहून इतकी जवळ फार वेळा आली नव्हती. तो हलला नाही. त्या म्हाताऱ्या गृहस्थांसारखा तोही श्वास रोखून उभा राहिला.

"हा शर्ट कुठे होता?"

"पिशवीत," तो म्हणाला. "वास लागू नये म्हणून. चांगली गाठ मारून..." आणि बोलता बोलता तो स्वतःच थांबला. दोन्ही हात, टेकवलेला गुडघा, घट्ट लाव रे. वॉचमनला, सुताराला, मालकाला, भेटेल त्याला तीन आठवडे त्याने पढवलं होतं की कोंडणं हीच चूक, आणि बरोबर तिच्या आवडीचा शर्ट तेवढा त्याने कोंडून ठेवला होता. तिने कॉलर उलटून दाखवली. करडे ठिपके, बारीक, मोहरीएवढे. मग तिच्या तोंडातून एक विचित्र आवाज आला. त्याला वाटलं, रडतेय. ती भिंतीला टेकली, खाली बसली आणि ओढणी तोंडात कोंबून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि तो वर उभा राहून बघत राहिला. असं हसणारं माणूस त्याने पूर्वी एकदाच पाहिलं होतं.

"काढ तो," ती कशीबशी म्हणाली. "काढ, आणि गॅलरीत टाक. बाई गं."

तो शर्ट गॅलरीत टाकून बनियनवर परत येत होता तेव्हा ढग फाटले. चार वाजून बावीस मिनिटं. भिंतीवरच्या आरशाने ऊन घेतलं, खुर्चीवरच्याने उचललं, आणि मुलगी किंचाळली, "बाबा, घरात ऊन!" तिने चौकटीचा तिसरा आरसा कधीच काढून हातात घेतला होता. कवडसा छतावर उडाला, दारावर आला, कपाटावरून घसरला. तो घाईने म्हणाला, "कपाटाकडे धर, पिल्लू, कपाटाकडे, बारा मिनिटंच असतं."

"कपाटाचं झालंय," बायको खालूनच म्हणाली. "उन्हाने काही झालेलं नाही, भिंतीपासून ओढलंस म्हणून झालं, एवढं कळतं मला. ह्यालाच दाखव गं. ह्याचा राहिलाय वास."

मुलीने दोन्ही हातांनी आरसा धरला, जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून. कवडसा त्याच्या पोटावर आला, बनियनवर, गळ्यावर, मग तोंडावर. त्याने डोळे मिटले. मिटलेल्या पापण्यांतून सगळं लाल दिसलं. त्याला वाटलं, आता कोणीतरी हाक मारणार, आणि ती कोणत्या नावाने मारणार हेही त्याला ठाऊक होतं.

"हलू नकोस ना, बाबा," मुलगी म्हणाली. "मानेला नाही दाखवलं अजून."

"सगळीकडे दाखव," बायको उठत, ओढणीने डोळे पुसत म्हणाली. "आणि तू, ऊन गेलं की खाली जा. वॉचमनकडे आमच्या बॅगा आहेत. दोन आहेत, त्यातली मोठी जड आहे."